एका चुलीचे जिवाणू

दुसऱ्याच्या भांडणात न्याय जरूर करावा, पण असा करावा की उद्या तोच आपल्या अंगावर आला तरी सोसता यावा. शेषेरावांना हे कळायला उशीर झाला.

अहमदपूरच्या पलीकडं, फाट्यापासून थोडं आत त्यांचं गाव. तिथं ते कैक वर्षं तंटामुक्तीचे अध्यक्ष होते. बांधाची भांडणं, विहिरीच्या पाण्याची भांडणं, आणि सगळ्यात वंगाळ म्हणजे म्हाताऱ्यांची भांडणं. आईबापाला कुणी सांभाळायचं? लेकं माना खाली घालून बसायची, सुना पदराआडून एकमेकींना टोचायच्या, आणि शेषेराव पारावर बसून निकाल द्यायचे: एक महिना थोरला, एक महिना धाकटा, अमावस्येला पाळी बदलायची. लोक म्हणायचे, निकाल द्यावा तर शेषेरावानंच. त्यांची छाती फुगायची. फुगणारच की. तवा त्यांच्या स्वतःच्या घरी केवळाबाई होत्या, चूल एक होती आणि ताट वेळेवर समोर येत होतं.

केवळाबाई गेल्या आणि वर्षाच्या आत लेकांनी चुली वेगळ्या केल्या. शेत वाटलं. घराच्या मधोमध भिंत आली आणि एका दाराची दोन दारं झाली. थोरला सुदर्शन अहमदपूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम. धाकटा अंगद शेती बघायचा. सगळं वाटून झाल्यावर बाप तेवढा उरला. त्यासाठी कुणाला पारावर जायची गरज पडली नाही, कायदा तयारच होता.

"तुम्हीच घालून दिलेली रीत हाय, बापू," सुदर्शन म्हणाला.

"हाव," शेषेराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? स्वतःच्या हातानं पेरलेलं होतं.

पाळी चालली म्हणजे चालली. थोरल्या सूनबाई राजकन्या ताट दणकन ठेवायच्या, धाकट्या महानंदा हळू ठेवायच्या, पण ताट यायचं. शेषेरावांना शुगर जुनी. रोज इंजेक्शन. ते टोचलं की वेळेवर जेवण पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर घाम फुटतो आणि हातपाय लटपटतात, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. पुढं पायांवर सूज आली. लातूरच्या दवाखान्यात सांगितलं की शुगरनं किडनीला हात घातला आहे, सांभाळून राहा. शेषेराव सांभाळून राहू लागले. साठी नुकतीच ओलांडलेली, दात शाबूत, आंब्याची कलमं नुकती धरायला लागलेली. त्यांना जगायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

अन् यंदा जेठ दोनदा आला.

शेषेरावांनी इतक्या घरांच्या पाळ्या लावून दिल्या, पण अधिक महिन्याचा विचार त्यांना कधी सुचला नव्हता. वैशाखाच्या अमावस्येला सुदर्शन म्हणाला, "वैशाख माझा होता. सपला." अंगद म्हणाला, "माझा जेठ म्हंजी खरा जेठ. ह्यो अधिकाचा. अधिकात कुणी नवं काम धरत न्हाई, मग मी पाळी कशी धरू?"

घ्या. अधिकात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, आणि आता बापाचं जेवणही नाही. पोट काय पंचांग बघून भूक लावतं? एवढं एक वाक्य शेषेरावांनी दोघांच्या तोंडावर फेकायला पाहिजे होतं. पण ते फेकलं असतं तर भांडण भिंतीबाहेर गेलं असतं, भिंतीबाहेरून पारावर गेलं असतं, आणि पारावरची मंडळी म्हणाली असती की तंटामुक्तीवाल्याच्या घरात बापाच्या भाकरीवरून तंटा. त्यापेक्षा उपास बरा.

"मी शेतातल्या आखाड्यावर राहतो," ते म्हणाले. "आंब्याला राखण पाहिजे."

दोन्ही लेकांना ते लगेच पटलं. सुदर्शन धरून चालला की बापू अंगदकडं जेवत असतील. अंगद धरून चालला की थोरल्याकडून डबा जात असेल. दोघंही बापाला विचारत नव्हते, कारण विचारलं की वाढावं लागतं.

शेषेराव सकाळी इंजेक्शन टोचून फाट्यावर चालत जायचे. तिथं मलप्पाचं हॉटेल. चहा, खारी, टोस. दुपारी मिरची भजी. रात्री आखाड्यावर बिस्किटाचा पुडा, कधी अर्धा, कधी सगळा. ज्या दिवशी ऊन लई व्हायचं त्या दिवशी फाट्यापर्यंत पोचायच्या आधीच घाम फुटायचा, डोळ्यापुढं काळं यायचं, मग खिशातलं बिस्कीट काढून झाडाखाली बसायचं. भाकरी नाही, कोरड्यास नाही, कांद्याची पात नाही. मलप्पा एकदा म्हणाला, "काय अण्णा, घरी कुणी न्हाई का?"

"सगळे हाईत की," शेषेराव म्हणाले. "हितं गप्पा होतात म्हणून बसून राहिलो."

त्याच महिन्यात जावई आला, धोंड्याचं वाण घ्यायला. लेक दीपमाला दिलेली भोकरला. तिला अन् जावयाला बोलावण्यात दोन्ही भावांचं कसं एकमत झालं. पाट मांडला, रांगोळी घातली, निरांजनं लावली, पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार धरली. सासरा पंगतीला नसला तर जावई काय म्हणेल, म्हणून शेषेरावांनाही आखाड्यावरून बोलावणं गेलं. दोन्ही सुनांनी आग्रह केला. "घ्या मामा, अजून एक घ्या." शेषेरावांनी खाल्लं. शुगरवाल्यानं खाऊ नये तेवढं खाल्लं, कारण उद्याची खात्री नव्हती.

दीपमाला म्हणाली, "बापू, किती वाळलाव."

"उन्हाळा हाय, बाई," ते म्हणाले.

खरा जेठ लागला तेव्हा अंगदनं पाळी धरली. पण भांडणानंतरच्या पाळीत जीव नसतो. ताट कधी दुपार टळल्यावर यायचं, कधी महानंदा माहेरी गेलेली असायची. पुढचा आषाढ सुदर्शनचा. राजकन्या म्हणायच्या, अधिकाचं आधी मिटू द्या. मलप्पाच्या हॉटेलाची वाट काही सुटली नाही.

आषाढात सुदर्शन बापाला घेऊन लातूरला गेला. तिथं गीतांजली म्हणून एक नवी डॉक्टरीन आली होती, मूळची नांदेडची. शुगरनं किडनी बिघडलेल्या माणसांच्या पोटातले जिवाणू ती तपासत होती. तपासणीत नाव लागलं की महिन्याच्या महिन्याला रक्त-लघवी फुकट तपासायची, गोळ्या फुकट, आणि डॉक्टरीन स्वतः बसून बघायची. सुदर्शनला फुकट आवडलं. शेषेरावांना ती बाई आवडली. खुर्ची ओढून समोर बसली आणि नीट सांगायला लागली.

"काका, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आपण खातो त्यावर जगतात. चांगले जिवाणू भाकरीच्या, भाजीच्या, डाळीच्या चोथ्यावर जगतात आणि आतड्याला बळ देतात. शुगरमध्ये, किडनीच्या आजारात त्यांचा तोल जातो. दुसरेच माजतात आणि अन्नाचं विष करतात. चांगली किडनी ते विष लघवीतून टाकून देते. बिघडलेल्या किडनीला ते जमत नाही. मग विष रक्तात फिरतं आणि किडनीला आणखी बिघडवतं."

शेषेराव म्हणाले, "पेरणीआधी सोयाबीनला जिवाणू खत चोळतो आम्ही. जमिनीत चांगले जिवाणू नसले की नुस्ता युरिया टाकून पीक पिवळं पडतंय. तसंच का?"

"अगदी तसंच," ती हसली. "यातलं किती आजारामुळं आणि किती खाण्यामुळं, तेच आम्हाला अजून शोधायचंय. म्हणून प्रत्येक पेशंटबरोबर एक निरोगी माणूस लागतो. त्याच घरचा, तेच अन्न खाणारा. तुम्ही दोघं एका चुलीवर जेवता ना?"

सुदर्शननं बापाकडं बघितलंसुद्धा नाही.

"हाव म्याडम. बापू आमच्यातच जेवतात."

डॉक्टरीनबाईनं शेषेरावांकडं बघितलं. शेषेरावांनी मान हलवली. जन्मभर लोकांना शपथेवर बोलायला लावलेल्या माणसानं मुंडी हलवून खोटी साक्ष दिली.

मग डब्या आल्या. दोघांनी आपापली शी डबीत घालून, बर्फात ठेवून आणून द्यायची. सुदर्शनचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी राजकन्यांनी फ्रीजला हात लावू दिला नाही; म्हणाल्या, देवाच्या नैवेद्याचं दूध ठेवते मी त्यात. शेवटी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून बापलेक एसटीनं निघाले. कंडक्टरनं खोक्यावर थाप मारून विचारलं, "काय मासळी का?" सुदर्शन म्हणाला, "हाव, मासळीच." शेषेरावांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी निघालं. सुदर्शनही हसला. भिंत बांधल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकत्र हसले असतील, अन् तेही कशावर.

निकालासाठी डॉक्टरीनबाईनं पोळ्यानंतर दोघांना बोलावलं. तिच्या चेहऱ्यावर कोडं होतं.

"एका घरात जेवणाऱ्यांच्या जिवाणूंत बरंच सारखेपण सापडतं," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या जिवाणूंची तर गावंच वेगळी आहेत. चोथ्यावर जगणारे जिवाणू सुदर्शनरावांच्या पोटात भरपूर आहेत. काकांच्या पोटात जवळजवळ उरले नाहीत, उपाशी मेलेत. आजारानं फरक पडतो, पण इतका? तुम्ही खरंच एका चुलीवर जेवता?"

शेषेरावांनी पारावरच्या एकाही माणसाला जे कळू दिलं नव्हतं ते पोटातल्या किड्यांनी या बाईच्या कानात सांगितलं होतं. एका मनानं त्यांना बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. आता सुदर्शन काय ते सांगेल, शरमेनं का होईना, आणि घरी जाऊन भाकरीचं काहीतरी ठरेल.

सुदर्शननं सांगितलं. "कसं सांगावं म्याडम, बापू चोरून खातात. घरात सगळं असतंय. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. पर ह्यांना फाट्यावरच्या हॉटेलाची चटक. खारी, भजी, बिस्कीट. सांगून सांगून थकलो आम्ही. इचारा त्यांनाच."

जिवाणू खरं बोलले होते. पण त्यांना एवढंच कळतं की माणसानं काय खाल्लं. का खाल्लं, ते त्यांच्या बापालाही कळत नाही.

"खरं का, काका?"

शेषेरावांनी लेकाकडं बघितलं. कपाळावर घाम, ओठ कोरडे. लहानपणी दुसऱ्याच्या शेतातला ऊस मोडून आला की असाच दिसायचा. बापाच्या रागाचं तिथंच पाणी झालं, आणि हेच चुकलं.

"हाव," ते म्हणाले. "जीभ वाईट माझी."

डॉक्टरीनबाई चिडली. तिचं चुकलं असं कोण म्हणेल? "काका, घरात तुमच्यासाठी पथ्याचं शिजतंय आणि तुम्ही भज्यांवर किडनी घालवताय? लेकरांच्या जिवाला किती घोर. लाज वाटायला पाहिजे." शेषेराव म्हणाले, वाटते. अन्न वेगळं निघाल्यामुळं ही जोडी तिच्या कामाची राहिली नाही. त्यांचं नाव तपासणीतून गेलं. पुढं बाकीच्यांसारखं बाहेरच्या रांगेत यायचं ठरलं.

परत येताना सुदर्शननं बापाला खिडकीची जागा दिली. स्टँडवर पाण्याची बाटली घेऊन दिली. फार दिवसांनी "बापू, बरं वाटतंय का" असं विचारलं. आपण काय विकलं आणि बदल्यात काय मिळालं, ते शेषेरावांना घराच्या दारात पोचल्यावर कळलं. सुदर्शननं भिंतीवरून अंगदला हाक मारली आणि डॉक्टरीनबाईसमोर बापूंनी काय कबूल केलं ते सांगितलं. अंगद ते पारावर बोलला. आठवड्याभरात सगळ्या गावाला पाठ झालं: शेषेरावाला जीभ आवरत नाही, लेकं बिचारी काय करतील. अधिक महिन्यावरून न बोलणारे भाऊ पुन्हा बोलायला लागले. कुणाकडं ताट गेलं नाही तरी आता भांडायचं कारण नव्हतं. महानंदा म्हणायच्या, "मामा कुठं घरचं खाणार हाईत? टाकूनच द्यावं लागतंय." जिभेचं खोटं एकदाच बोललं होतं, पण त्यावर दोन्ही घरांची चूल निवांत पेटत होती.

शेषेरावांनी स्वतः भाकरी थापून बघितली. आखाड्यावर तीन दगड मांडले, पीठ मळलं, धुरानं डोळे भरले. कच्ची निघाली. खाल्ली. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. मग उलट्या थांबेचनात. अंगाला खाज सुटली, पाय टरारून सुजले, फाट्यापर्यंत चालणं बंद झालं. दिवाळीला दीपमाला आली, तिनं बापाला बघितलं आणि दोन्ही दारांत उभी राहून भावांना नको नको ते बोलली. तेव्हा कुठं सुदर्शन त्यांना लातूरला घेऊन गेला. मंगळवार होता. गीतांजलीबाई मंगळवारीच जुने पेशंट बघायची, म्हणून मंगळवारचा हट्ट शेषेरावांनीच धरला होता.

तिनं रक्ताचे आकडे बघितले आणि तिचा आवाज खाली आला.

"किडनी जवळजवळ संपल्या आहेत. आता डायलिसिस सुरू करावं लागेल, त्याला उशीर नको. पण काकांचं हृदय चांगलं आहे, वयही फार नाही. घरातल्या कुणी किडनी दिली तर बरीच वर्षं निघतील. दोन भाऊ आहात. तपासणी तरी करून घ्या." थोडं थांबून म्हणाली, "आणि जरा लक्ष ठेवा. रक्तात विष फार वाढलंय. अशा वेळी माणूस कधीकधी गोंधळतो, भलतंच बोलतो."

सुदर्शननं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. वाटेतच जुळवून आणलं असावं.

"म्याडम, दिली असती. बापासाठी जीव देईल माणूस. पर तुमच्यासमोरच कबूल केलंय ना त्यांनी? जिभेवर ताबा न्हाई. माझी किडनी घालायची अन् त्यांनी तीबी भज्यांवर घालवायची? मलाबी लेकरं हाईत. अंगदचं म्हणणं बी हेच हाय."

शेषेरावांनी ते ऐकलं. आयुष्यात कितीतरी लेकांचं बोलणं त्यांनी पारावर ऐकलं होतं, पण इतकं सफाईदार कुणी बोललं नव्हतं. त्यांना संताप आला. सुजलेल्या पायांपासून डोक्यापर्यंत संताप आला. आपल्याच तोंडचा शब्द उचलून हा आपल्याच मढ्यावर घालतोय.

"मी चोरून न्हाई खाल्लं," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट होता. "बाई, मला घरात वाढत न्हाईत. अधिकाच्या महिन्यात एक दिवस जेवलो, जावई आला तवा. बाकी हॉटेलात. मागच्या टायमाला मी खोटं बोललो. तुमचे जिवाणू खरं सांगत होते. आमची चूल एक न्हाईच."

दारातल्या नर्सनं मान वळवली. तिच्या मागं रांगेत शेजारच्या गावचा शंकरप्पा उभा होता, शेषेरावांनीच कधीकाळी त्याच्या घरचा तंटा मिटवला होता. तोही कान देऊन होता.

सुदर्शन हळूच म्हणाला, "बघा म्याडम. आत्ताच तुम्ही म्हणला. हे असंच चाललंय चार दिवस झालं. रातचं उठून आईला हाका मारतात."

गीतांजलीबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिला काहीतरी टोचत होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग ती शेषेरावांजवळ वाकली, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि लहान लेकराला विचारावं तसं विचारलं, "काका, मला सांगा, आज वार कोणता?"

शेषेरावांना वार ठाऊक होता. तिथी ठाऊक होती. हेही ठाऊक होतं की मंगळवार म्हटलं की मागचं सगळं बोलणं खरं ठरतं. ही बाई ते खरं धरील, नर्स ऐकेल, शंकरप्पा संध्याकाळपर्यंत अहमदपूरभर करील की शेषेरावाचा लेक बापाला उपाशी ठेवतो आणि दवाखान्यात बापालाच येडा ठरवतो. असल्या लेकाला पारावर उभं करून त्यांनी कितीदा म्हटलं होतं, थू तुझ्या जिंदगीवर. समोर सुदर्शन उभा होता. टेबलाची कड धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. त्यानं बापाकडं बघितलं, आज पहिल्यांदा बघितलं, आणि त्या बघण्यात माफी नव्हती, नुसतं भ्या होतं. शेषेरावांना जगायचं होतं. तरी त्यांच्या तोंडातून ते निघेना.

"शनिवार," ते म्हणाले.

डॉक्टरीनबाईनं त्यांच्या हातावरचा हात काढून घेतला, खुर्ची वळवली, आणि त्यानंतर जे काही विचारलं ते सुदर्शनलाच विचारलं.